न दिसलेल्या वाघांची मोजदाद

वाघ मोजायचे तर न दिसलेल्या वाघांचाही हिशेब ठेवावा लागतो, हे आपल्याकडे फार उशिरा उमगलं. त्याआधी सगळी भिस्त ठशांवर. धुळीत उमटलेलं पाऊल काचेवर गिरवायचं आणि हा अमका वाघ, ही तमकी वाघीण, असं छातीठोकपणे सांगायचं. एकही वाघ नजरेतून निसटत नाही, असा भाबडा विश्वास त्यामागे होता.

उल्लास कारंतांना तो मान्य नव्हता. कन्नड कादंबरीकार शिवराम कारंतांचे हे चिरंजीव. शिकले मेकॅनिकल इंजिनिअरिंग, काही काळ शेती केली आणि रमले ते नागरहोळेच्या रानात. वाघाचे पट्टे दुसऱ्या कुणासारखे नसतात, त्याची डावी कूसही उजवीसारखी नसते. म्हणून त्यांनी वाटेच्या दोन्ही अंगांना कॅमेरे लावले. पुढचं गणित तसं सोपं. पहिल्या खेपेला वीस वाघ टिपले गेले, दुसऱ्या खेपेलाही वीस, आणि त्यांतले दहाच ओळखीचे निघाले, तर आपल्याला निम्मेच सापडताहेत. रानात चाळीसेक असणार. प्रत्यक्षातली समीकरणं बरीच किचकट, पण गाभा हाच. १९९५ साली त्यांनी ही रीत प्रसिद्ध केली. सरकारदरबारी ती पोचायला मात्र राजस्थानातलं सरिस्काचं रान रिकामं व्हावं लागलं. तिथले वाघ २००५पर्यंत संपले होते, कागदावर ते सुखाने नांदत होते. मग २००८मध्ये देशाचा नवा अंदाज आला, १४११. आधीचा आकडा ३६४२ होता. दोन हजार वाघ मेले म्हणून अनेकजण हादरले. खरं तर मोजण्याची रीतच बदलली होती, तुलना करणार कशी?

मला सर्वांत चक्रावून टाकते ती नागरहोळेची नऊ वर्षांची नोंद. दरवर्षी शंभरातले तेवीसेक वाघ नाहीसे होत, मरून किंवा परागंदा होऊन. तरीही संख्या ढासळली नाही, कारण चितळ, सांबर, गवे मुबलक होते आणि बछडी वाढत होती. एका वाघाला वर्षाला पन्नासेक जनावरं लागतात. कळप टिकायचा तर दहातलं एकच जनावर वाघाच्या वाट्याला जावं, म्हणजे पाठीशी पाचशेंचा कळप हवा.

२०१६मध्ये उमरेड-कऱ्हांडल्यातून ‘जय’ नावाचा वाघ दिसेनासा झाला तेव्हा आपण सगळेच हळहळलो. कारंतांचं गणित जयचं नाव विचारत नाही. त्या रानात चितळं किती, एवढंच विचारतं. आधी मला हे रुक्ष वाटायचं, आता वाटत नाही. ती चितळं मोजायची तर भल्या पहाटे आखलेल्या सरळ रेषेवरून पायी चालावं लागतं. जिप्सीत बसून ते होत नाही.