दातावर दात

मराठी विभागात आम्ही तिघी. हे टिपण त्यांतील दोघींनी मिळून लिहिले आहे. तिसरीने ते वाचून दोन ठिकाणचे ऱ्हस्वदीर्घ सुधारले आणि "असू द्या" म्हणाली.

गेल्या पावसाळ्यात महाविद्यालयाच्या उतारावर स्कूटर घसरली. चालवीत होती आमच्यापैकी एक. मागे बसलेली ती हनुवटीवर आपटली. जवळच्या दवाखान्यात चार टाके पडले, एक साधा एक्स-रे निघाला आणि हाड शाबूत असल्याचे सांगण्यात आले. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "माझे दातावर दात बसत नाहीत गं." आम्ही म्हणालो, "अगं, सूज आहे, उतरेल." आठवडाभर तिने तोंडी परीक्षा घेतल्या. एकेका शब्दापाशी थांबायला विद्यार्थ्यांना शिकविणाऱ्या आम्ही त्या वाक्यापाशी थांबलो नाही.

दंतशल्यचिकित्सकांनी मात्र तेवढेच वाक्य ऐकून सीटी स्कॅन लिहून दिला. खालचा जबडा घोड्याच्या नालासारखा. त्याची दोन्ही टोके कानांपुढच्या सांध्यांत बसतात. हनुवटीवरचा मार हाडातून मागे जातो आणि पुष्कळदा त्या टोकांच्या बारीक मानेशी हाड मोडते. जखम एकीकडे, मोड दुसरीकडे. आम्ही सारे टाक्यांकडे पाहत होतो.

साध्या एक्स-रेत चेहऱ्याची हाडे एकावर एक पडतात आणि सांध्याजवळची रेघ कवटीच्या सावलीत हरवते. सीटीत तेच डोके पातळ चकत्यांनी पाहता येते. संगणक प्रत्येक बिंदूला घनतेचा आकडा देतो: पाण्याला ०, हवेला उणे १०००, हाडाला कित्येक शेकडे. या मापाला गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांचे नाव आहे. त्यांच्या यंत्राने १९७१च्या ऑक्टोबरात विम्बल्डनच्या रुग्णालयात पहिल्या रुग्णाचा मेंदू पाहिला. १९७९ साली ॲलन कॉर्मॅक यांच्यासह त्यांना नोबेल मिळाले. ही माहिती आम्ही नंतर वाचली. अपराधी माणसे फार वाचतात.

डॉक्टरांनी समोरून घेतलेला छेद पडद्यावर दाखविला. डावे टोक मोडून आत कलले होते. उजव्या मानेवर केसाएवढी भेग. ती शांतपणे पाहत राहिली. गाडी चालविणारीला पाहवले नाही.

पुढचे दोन आठवडे दात तारांनी बांधलेले. भाताची पेज, ताक, गाळलेले वरण. विभागात ती वहीत लिहून बोलत असे. लिहिताना विरामचिन्हेही चुकवीत नसे. एका दुपारी तिने लिहिले, "गाडी कोण चालवत होते, ते घरी सांगितलेले नाही."

आम्ही वही ओढून उत्तर लिहू लागलो, तेव्हा तिने पेन काढून घेतले. आम्हांला बोलता येत होते.