बैठकीचं देणं

कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथ, ग्राइंडर आणि वेल्डिंगच्या आवाजात कुशनकामाचा एक छोटा गाळा आहे. रिक्षाचे हूड, जीपच्या सीटा, ट्रॅक्टरच्या गाद्या अशी कामं तिथे चालतात. तो गाळा चालवणाऱ्या मामांचं मी मोठं देणं लागते. मोटरसायकलवरून आज मी लांबचा प्रवास करते आणि उतरल्यावर माणसांत येऊन बसू शकते, ते त्यांच्यामुळे. पण देणं तेवढ्यावर संपत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

मी मोटरसायकल शिकले चाळिशी उलटल्यावर. शाळेत शिकवत होते, सुट्ट्या मोठ्या मिळायच्या, आणि दक्षिणेकडे जायची ओढ लहानपणापासून होती. कोल्हापूरहून बंगळूर साधारण सहाशे किलोमीटर, राष्ट्रीय महामार्ग ४८ सरळ तिथवर नेतो. निपाणी, बेळगाव सुखात मागे पडायचं. धारवाड यायच्या आत मात्र बुडाखाली दोन जागी आग सुरू व्हायची आणि मग ती दिवसभर सोबत असायची. वय झालं, बाईचं शरीर, सवय नाही, अशी कारणं मी मनाशी जमवत असे. सोसणं हाच लांबच्या प्रवासाचा भाग आहे असं मला खरोखर वाटायचं. चित्रदुर्गाच्या शेजारून गेले तेव्हा किल्ल्याकडे मान वळवल्याचं आठवत नाही, फक्त किलोमीटरचे दगड आठवतात. अंग दुखत असलं की रस्त्याकडून एकच गोष्ट हवी असते, त्याने संपावं.

माझी उंची पाच फूट एक इंच. माझ्या मोटरसायकलची सीट मूळची ८०० मिलिमीटर उंच; पण मी घेतली ती जुनी, आणि आधीच्या मालकाने फोम कापून सीट खाली करून घेतलेली होती. पाय जमिनीला टेकतात एवढ्या एका आनंदात मी ती पसंत केली. सीटच्या आत काय असतं, याचा विचार कधी मनात आला नव्हता. रेक्झिन दिसायचं, तेवढीच सीट.

शाळेची रिक्षा चालवणाऱ्या एका गृहस्थांनी मला मामांकडे पाठवलं. मामांनी आधी सीटकडे पाहिलंच नाही. मागे जाऊन दोन्ही हातांनी गाडी दाबली, सोडली, पुन्हा दाबली. मग शॉकअपच्या स्प्रिंगेखालची चकती पाहिली.

“मागं कुणाला बसवून नेता काय ताई?”

“नाही, एकटीच असते.”

“मग ही दोन माणसांची कशाला ठेवलीय?” पान्याने त्यांनी चकती खालच्या खाचेवर आणली. माझं वजन जेमतेम पंचावन्न किलो. दोन माणसं आणि सामानासाठी आवळून ठेवलेली स्प्रिंग माझ्या वजनाला दबत नव्हती, आणि रस्त्याचा प्रत्येक दणका थेट माझ्या मणक्याला मिळत होता. फार जुन्या मोटरसायकलींना सीटखालीच दोन मोठ्या स्प्रिंगा असायच्या, कारण त्या काळी मागच्या चाकाला शॉकअप नव्हते, हेही त्यांनी काम करता करता सांगितलं. सीट ही एकटी वस्तू नसते. चाक, स्प्रिंग, फूटरेस्ट, हँडल या सगळ्यांशी तिचं नातं असतं, हा माझा पहिला धडा.

सीट त्या दिवशी त्यांनी उघडली नाही. म्हणाले, “आधी चालवून या.”

“किती चालवू?”

“दुखंस्तोवर.”

बेळगावला जाऊन परत आले आणि तशीच त्यांच्या दारात उतरले. त्यांनी लाकडी बाकावर खोक्याचा नालीदार पुठ्ठा ठेवला आणि त्यावर बसायला सांगितलं, पाय थोडे उचलून, पाठ गाडीवर असते तशी ठेवून. उठले तेव्हा पुठ्ठ्यावर दोन खळगे पडले होते. खळग्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत त्यांनी टेप लावली. तेरा सेंटिमीटर. माणूस बसतो तो खरं तर या दोन हाडांवर. ओटीपोटाच्या सांगाड्याची ही खालची टोकं. बायकांत या हाडांमधलं अंतर सहसा पुरुषांपेक्षा जास्त असतं. सीट तिथे अरुंद असली तर हाडांना आधार मिळत नाही आणि वजन मधल्या नाजूक भागावर येतं. एवढी वर्षं मी ज्याला बाईपणाची दुर्बलता समजत होते, ते पुठ्ठ्यावर मोजता येणारं एक अंतर होतं. त्या क्षणी मला कसं हलकं वाटलं ते मामांना मी अजूनही नीट सांगू शकलेले नाही.

मग रेक्झिन उतरवलं. हाडं येतात तिथे खडूने खुणा करून मामांनी सुई खुपसली. फोम उरला होता बोटाच्या जाडीइतका. म्हणजे मी गादीवर बसतच नव्हते, खालच्या पत्र्यावर बसत होते.

मी मऊ सीट मागितली. त्यावर त्यांचं उत्तर माझ्या वहीत आहे: “मऊ गादी दुकानात बरी वाटती ताई. शंभर किलोमीटर गेलं की गादी ऱ्हात न्हाई, पत्रा ऱ्हातो.” बाजारात फोम ‘बत्तीस डेन्सिटी’, ‘चाळीस डेन्सिटी’ अशा नावाने मिळतो. तो आकडा म्हणजे एका घनमीटरचं किलोमधलं वजन. तो फोम किती टिकेल हे सांगतो, किती कडक आहे ते नाही. दोन्ही वेगळं असतं, आणि हा फरक मामा बोटाने दाबून ओळखतात. त्यांनी तळाला रिबॉन्डेड घातला, म्हणजे फोमचे तुकडे दाबून, चिकटवून केलेला जड थर. त्यावर चाळीसचा, आणि सगळ्यात वर लॅटेक्सचा पातळ थर. जेलचा तुकडा मी हौसेने आणला होता. तो त्यांनी परत दिला. सुरुवातीला गार लागतो, पण गाडी उन्हात उभी राहिली की तेवढीच उष्णता धरून बसतो, म्हणाले. चिकटवायचं सोल्यूशन दोन्ही बाजूंना लावून ते बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबणं, मग एकदाच नेमकं बसवणं. हॅक्सॉच्या पात्याने तासणं, ग्राइंडरला घासकागदाची चकती लावून कडा उतरवणं. मी स्टुलावर बसून दिवसभर हे पाहिलं.

एक प्रश्न उरला होता. सीट पुन्हा उंच झाली, तर पाय कसे टेकणार? इथे मामांनी जे केलं त्याने मी थक्क झाले. त्यांनी उंची ठेवली आणि सीटचा पुढचा भाग, टाकीजवळचा, दोन्ही बाजूंनी निमुळता केला. पाय खाली जाताना आधी सीटच्या रुंदीला वळसा घालतात. ती रुंदी कमी केली की पाय सरळ उतरतात, आणि एक मिलिमीटरही खाली न येता जमीन जवळ येते. मागे, हाडांखाली, सीट रुंदच राहिली. पुढे उतरती होती तीही त्यांनी सपाट केली, कारण उतरत्या सीटवर माणूस टाकीकडे घसरत राहतो आणि त्याचा भार मनगटांवर जातो. दोन्ही पाय पुरते टेकत नव्हतेच. “डावा टेकला की झालं. उजवा ब्रेकवर लागतोय न्हवं?” ते म्हणाले, आणि माझी कित्येक वर्षांची भीती गेली.

यानंतर दोन वर्षांनी वडील अंथरुणाला खिळले. शुश्रूषेला येणाऱ्या सिस्टरनी पहिल्याच दिवशी सांगितलं, दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर दाबाच्या जागी जखमा होतील. हाडाच्या टोकाखाली कातडी दबते, बारीक रक्तवाहिन्या मिटतात, रक्त पोचत नाही. यूजीन लँडिस यांनी १९३० साली केशवाहिन्यांतला दाब मोजला होता, तो धमनीकडच्या टोकाला साधारण ३२ मिलिमीटर पारा भरला. एवढ्याशा दाबावर आपली कातडी जगते, हे वाचलं तेव्हा मामांचा पुठ्ठा डोळ्यांपुढे आला. वडिलांना चाकांच्या खुर्चीत बसवायचं होतं. मी मामांकडे गेले. ते सुट्टीच्या दिवशी घरी आले. वडिलांना ‘दादा’ म्हणत, त्यांची परवानगी घेत त्यांनी माप घेतलं आणि माकडहाडाखाली जागा मोकळी सोडलेली गादी करून आणली. पैसे सामानाचेच घेतले. वडिलांना जखम झाली नाही. सिस्टरची काळजी होती, आईची जागरणं होती. तरी त्या गादीचा वाटा मी विसरू शकत नाही.

फार नंतर कळलं की अमेरिकेत इलिनॉयमध्ये रोहो नावाच्या कंपनीने १९७० च्या दशकात अशाच जखमा टाळण्यासाठी हवेच्या छोट्या कप्प्यांची गादी काढली आणि पुढे तीच कल्पना मोटरसायकलच्या सीटवर आली. मामांना सांगितलं तर त्यांना नवल वाटलं नाही. “बसणारा माणूस एकच की,” म्हणाले. तिकडे चोवीस तासांत एक हजार मैल, म्हणजे सोळाशे किलोमीटर चालवणाऱ्यांची ‘आयर्न बट’ नावाची संघटना आहे, हेही सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, “उतरतात कवा?”

तो प्रश्न मी धरून ठेवला आहे. सीट कितीही चांगली असो, तासाभराने उतरायचं, चालायचं, मध्येच फूटरेस्टवर क्षणभर उभं राहायचं. जीन्सची जाड शिवण हाडाखाली येऊ द्यायची नाही. घाम धरणारं सुती कापड आत घालायचं नाही.

नव्या सीटवरून केलेल्या पुढच्या प्रवासात मी चित्रदुर्गाला थांबले आणि सात तटांचा तो किल्ला चढले. सेलम, मदुराई, तिरुनेलवेली करत कन्याकुमारीकडे जाताना मुप्पंदलच्या पवनचक्क्या दोन्ही बाजूंना फिरत होत्या, आणि ऊन कोणत्या बाजूने आहे, वारा कुठून ढकलतो आहे, हे सगळं मला कळत होतं. परतताना केरळात रबराची झाडं लागली. सालीवर तिरपी खाच, खाली वाटी, वाटीत पांढरा चीक. माझ्या सीटचा वरचा थर याच चिकाचा, हे लक्षात आलं तशी मी गाडी उभी केली. मामांसाठी फोटो काढले. ते फोटो त्यांनी चष्मा लावून फार वेळ पाहिले. इतकी वर्षं लॅटेक्स कापला, पण झाड बघितलं नव्हतं, म्हणाले. चिकात गंधक घालून, तो फेसाळून, साच्यात ओतून तापवतात, हे त्यांनी मला दोनदा सांगायला लावलं.

आता त्यांचा हात थोडा कापतो. तासकाम मुलगा करतो, मामा शेजारी बसतात. गेल्या दिवाळीनंतर माझ्या सीटचा फोम बसला म्हणून नवा घातला. मुलाने रेक्झिन उन्हात तापवून ताणलं, पिना मारल्या, सीट सुंदर दिसत होती. मी पैसे काढले. मामांनी डोळे मिटून सीटवरून तळवा फिरवला, डावं हाड येतं तिथे थांबले, पुन्हा फिरवला. मला आणि मुलाला तिथे काहीच लागत नव्हतं.

“हितं उंचवटा हाय. पिना काढ.”

मुलगा काही न बोलता पिना उपटायला बसला. त्या दोन तासांची मजुरी त्यांनी माझ्याकडून घेतली नाही.