न हललेल्या खुणा

नकाशा म्हटला की डोळ्यांपुढे येतो तो भूगोलाच्या तासाला भिंतीवर टांगलेला, कडा फाटलेला कागद. तो कुणा थोरामोठ्यांनी काढायचा आणि आपण त्यात नद्या शोधायच्या! पण नकाशा आपणही काढू शकतो. ‘क्यूजीआयएस’ नावाची एक मुक्तस्रोत संगणक-प्रणाली आहे. 2002 साली गॅरी शर्मन या गृहस्थांनी तिची सुरुवात केली. आज जगभरचे लोक तिच्यात भर घालतात आणि ती विनामूल्य मिळते. आपल्यासारख्यांना हे शेवटचे सर्वांत महत्त्वाचे, नाही का?

तिच्यात जुना नकाशा आजच्या भूमीवर बसवता येतो. जुन्या कागदावरची आणि आजच्या उपग्रहचित्रातली एकच जागा ओळखायची व दोन्हीकडे ठिपका द्यायचा. असे तीन-चार ठिपके झाले की यंत्र उरलेला कागद ताणून-दाबून जागेवर आणते. अट एकच : ती खूण मधल्या काळात हललेली नसावी.

आता पनवेल तालुक्यात न हललेली खूण शोधून दाखवा! टेक्सास विद्यापीठाने सर्वांना खुला ठेवलेला, 1950च्या दशकातला अमेरिकन लष्कराचा नकाशा मी घेतला. कर्नाळा, माथेरान, घारापुरी जागच्या जागी होती. पण मधला भाग? उलव्याचा सुमारे 90 मीटर उंचीचा डोंगर विमानतळासाठी कापला गेला, उलवे नदी वळवली गेली, दहा गावे उठली. त्यांतले चिंचपाडा हे माझे आजोळ. 8 ऑक्टोबर 2025 रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले आणि 25 डिसेंबरपासून विमाने उडू लागली. दूरच्या डोंगरांच्या आधाराने नकाशा नीट बसला खरा. परंतु त्याचे प्रमाण एकास अडीच लाख. अख्खे गाव तिळाखाली झाकले जाते.

म्हणून शिवाराचा थर मी वेगळा काढायला घेतला. घरे व बांध ‘गूगल अर्थ’मधल्या जुन्या चित्रांत दिसतात; नावे मात्र आजीपाशी. ती आता वडघरला असते. तिला अक्षरओळख नाही आणि उत्तर-दक्षिणेशी तिचे देणेघेणे नाही. तिच्या दिशा दोनच, खाडीकडची आणि डोंगराकडची. पडद्यावर डोंगरच नाही म्हटल्यावर ती बोलेचना.

डोंगर सापडला तो भलत्याच ठिकाणी. फेब्रुवारी 2000मध्ये ‘एन्डेव्हर’ यानाने अकरा दिवस प्रदक्षिणा घालून पृथ्वीवरच्या बहुतेक जमिनीची उंची मोजली होती. ते आकडेही खुले आहेत आणि त्यांत उलव्याचा डोंगर शाबूत! प्रणालीने त्यावरून समोच्च रेषा काढून दिल्या, मी त्यांना तपकिरी रंग भरला. मग आजीचे बोट चालू लागले. ही उघाडी, हे खाजण, इथे लावणीच्या दिवसांत भाकरी सोडायची, इथे एका उधाणाला बांध फुटला. इतिहासाच्या पेपरात याला गुण मिळणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण हे कोणत्या दप्तरात मिळेल?

आजवर एकेचाळीस ठिपके झाले. त्यांतले सात धावपट्टीवर पडतात. आजीला मी तसे सांगितले, तर तिने पुढचे नाव सांगितले. एका खाचराच्या नावावरून तिचे आणि तिच्या जावेचे पटत नाही. तूर्त दोन्ही नावे लिहून ठेवली आहेत.