पावती क्रमांक 63

चित्रपट काढावयाचा म्हटले की कथेआधी पैशाची अडचण पुढे उभी राहते. दादासाहेब फाळके यांनाही ती चुकली नाही. पैसेवाल्यांचा विश्वास बसावा म्हणून त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपून दाखविली, विम्याची पॉलिसी गहाण टाकली, सरस्वतीबाईंनी आपले दागिने काढून दिले. तेव्हा कोठे 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. गेल्या वर्षी ही हकीकत मी नववीच्या वर्गात सांगितली आणि तिचे फळ मला तत्काळ मिळाले. "बाई, आपणही चित्रपट काढू या. तानसेनाच्या चिंचेवर!"

हजीरा भागात तानसेनाच्या समाधीजवळ चिंच आहे. तिची पाने चघळली की गळा गोड होतो, ही समजूत ग्वाल्हेरात कोणाला ठाऊक नाही? चित्रपट दहाच मिनिटांचा, कॅमेरा मोबाइलचा. तरी ध्वनिमुद्रण, संकलन आणि जाण्यायेण्याचा खर्च धरून पाच हजार रुपये हवे होते.

"एखाद्या धनिकाकडे जाऊ; एका फेरीत काम होईल," मी म्हटले.

"फाळक्यांच्या घरी दागिने होते, बाई; आमच्यापाशी गल्ली आहे," एक मुलगा उत्तरला.

मला 'मंथन' आठवला. श्याम बेनेगल यांनी दिग्दर्शित केलेल्या आणि विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिलेल्या त्या 1976 सालच्या चित्रपटासाठी गुजरातेतील पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले होते. पुढे तेच शेतकरी गाड्या भरभरून आपला चित्रपट पाहावयास गेले. मी मुकाट्याने गणेशोत्सवातील उरलेले पावतीपुस्तक मुलांच्या हाती दिले.

लष्करातील गल्ल्यांतून महिनाभर वर्गणी जमली. एका जुन्या वाड्यातील आजींनी कनवटीचे दहा रुपये काढले आणि विचारले, "मला आता जिना उतरवत नाही. तुमचा सिनेमा मला दिसायचा कसा?"

"आम्ही घेऊन येऊ, आजी," पावती फाडणारी मुलगी बोलून गेली.

चित्रपट पुरा झाला. शाळेच्या सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. जमाखर्च फलकावर लागला, शिल्लक एकशे चाळीस रुपये. माझ्या लेखी काम संपले होते. दुसऱ्या दिवशी ती मुलगी पावतीपुस्तक घेऊन आली.

"बाई, पावती क्रमांक 63 बाकी आहे."

"अगं, दहा रुपयांसाठी आता एवढी यातायात?" मी सहज बोलून गेले. ती काहीच बोलली नाही. पुस्तक मात्र तिने मिटले नाही. हिशेबाच्या वहीत रुपये मांडता येतात, दिलेला शब्द मांडता येत नाही. तो मी विसरले होते, तिने राखला होता. मला मनातून ओशाळल्यासारखे झाले.

त्याच संध्याकाळी आम्ही तो अंधारा जिना चढलो. आजींनी चित्रपट अवाक्षर न बोलता पाहिला. शेवटी वर्गणीदारांची नावे सरकू लागली, तशा त्या म्हणाल्या, "थांबव." पदराने चष्मा पुसला, मोबाइल डोळ्यांजवळ नेला आणि आपले नाव अक्षर लावून वाचले.

मुलीने पावतीपुस्तक उघडले आणि 63 च्या स्थळप्रतीवर बरोबरची खूण केली.