ओंजळीतलं इंजिन

आमच्या आसनगावला आगगाडी आली १८६० साली. पुढच्या वर्षी ती कसाऱ्याला पोचली आणि १८६५ मध्ये थळघाट चढून इगतपुरीला. ही पुस्तकातली माहिती मला फार उशिरा मिळाली. वाफेचं इंजिन त्याच्या कितीतरी आधी आजीच्या बोलण्यातून घरात आलं होतं. तिचं माहेर वासिंदचं, रुळांना लागूनच. गाडीची वेळ बघून धुणं वाळत घालावं लागे, नाहीतर लुगड्यांवर कोळशाचे कण बसत, असं ती सांगायची. १९३० च्या सुमारास कल्याण-इगतपुरी मार्गावर विजेची इंजिनं आली आणि तो काळा पाऊस थांबला. माझ्या लहानपणी समोरून जाणाऱ्या गाड्यांना धूर नव्हता. त्यामुळे आजीचं इंजिन मला माहुली किल्ल्याच्या गोष्टींइतकंच जुनं वाटे.

ते प्रत्यक्ष दिसलं शाळेच्या सहलीत, नेरळ-माथेरान मार्गावर. १९०७ साली सुरू झालेली ती छोटी गाडी तेव्हाही वाफेवर चालत होती. बाकीची मुलं डोंगर बघत होती, मी प्रत्येक वळणावर वाकून इंजिनाचा दांडा बघत होतो. तो पुढे-मागे जातो आणि चाक मात्र गोल फिरतं, हे कसं? गावी परतल्यावर त्याचं निम्मं उत्तर भाताच्या गिरणीत सापडलं. तिथल्या ऑइल इंजिनाची दोन मोठी चाकं गिरणीवाला हँडल मारून फिरवायचा. एकदा चाकांनी वेग घेतला की मग त्या वेगावरच दट्ट्या परत जागेवर यायचा. सरळ हालचालीची गोल हालचाल होते ती कोपरासारख्या वाकलेल्या क्रँकमुळे, आणि ती टिकते जड चाकामुळे, एवढं मला तिथे उभ्या उभ्या कळलं.

पुढे नोकरी लागली, सकाळची लोकल आणि रात्रीची लोकल असं आयुष्य सुरू झालं. बसायला जागा मिळाली तर वाचन होई. त्याच वाचनात मला अर्देशीर करसेटजी वाडिया भेटले. मुंबईच्या जहाजबांधणी करणाऱ्या वाडिया घराण्यातला हा १८०८ चा जन्म. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली १८५३ मध्ये, पण त्याच्या बरंच आधी, तरुण वयात, या माणसाने मुंबईत वाफेचं लहान इंजिन बनवलं होतं. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्य करून घेतलं. हा मान मिळालेले ते पहिले भारतीय. वाफेचं यंत्र आपल्याकडे साहेबांच्या जहाजातून नुसतं उतरलं नाही, आपल्या माणसाने ते समजून घेऊन स्वतःच्या हाताने घडवलं, ही गोष्ट वाचली त्या दिवशी आसनगाव कधी आलं ते मला कळलं नाही. कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय पाहिलं, तेव्हा तर मनाने पक्कं घेतलं की निवृत्तीनंतर आपणही एक इंजिन करायचं. छोटंसं, पण खरोखर चालणारं.

निवृत्त झालो आणि मागच्या पडवीत एक जुनं बेंच लेथ येऊन बसलं. शिकवायला आले शेजारचे दादा. मुरबाडच्या एमआयडीसीत त्यांनी टर्नर म्हणून हयात काढलेली. पहिल्या दिवशी त्यांनी मला मोटार चालूच करू दिली नाही. "आधी हाताने चक फिरवून बघा भाऊ, कुठे काही अडतंय का. पावर नंतर." मग चकमध्ये पितळेचा बार बांधून त्यांनी पहिला कट घेतला. ड्रिलची धार त्यांनी आधी दगडावर थोडी मारून सपाट केली होती. पितळ धारदार ड्रिलला आत ओढून घेतं आणि काम चकमधून निखळतं, हे कोणत्याही नकाशावर लिहिलेलं नसतं.

नवशिक्याने करायचं इंजिन म्हणजे डोलत्या सिलिंडरचं. त्याला वेगळा व्हॉल्व्ह नसतो. सिलिंडर एका पिनेवर पाळण्यासारखा झुलतो. एका बाजूला झुकला की त्याचं छिद्र वाफ येण्याच्या छिद्रासमोर येतं, दुसऱ्या बाजूला झुकला की वाफ बाहेर सोडणाऱ्या छिद्रासमोर. माझ्या सिलिंडरचा बोअर १२ मिलिमीटर, छिद्रं २ मिलिमीटरची. सगळा जीव त्या दोन पृष्ठभागांमध्ये, जिथे सिलिंडर उभ्या पट्टीवर घासत झुलतो. ते आरशासारखे सपाट हवेत, नाहीतर वाफ फटीतून निसटते. जाड काचेवर वॉटर पेपर ठेवायचा, त्यावर पाण्याचे दोन थेंब आणि पितळेचा तुकडा हलक्या हाताने, दिशा बदलत घासायचा. घासण्याआधी पृष्ठभागावर मार्करची शाई लावायची. शाई जिथे उरते तिथे खळगा. शेवटचा निळा ठिपका जाईपर्यंत दादा शेजारी बसून होते. एक शब्द बोलले नाहीत.

त्या घासण्यात मला इतिहासातला एक धडा नीट कळला. जेम्स वॉटने आपल्या सुधारित इंजिनाचं पेटंट घेतलं १७६९ मध्ये, पण ते इंजिन कामाला लागलं १७७६ मध्ये. मधल्या वर्षांतल्या अडचणींत पैशाची होती, तशी गोल सिलिंडरचीही होती. दट्ट्या आणि सिलिंडर यांच्यामधून वाफ गळायची. तोफांच्या नळ्या कोरणाऱ्या जॉन विल्किन्सनने दोन्ही टोकांना आधार दिलेल्या दांड्यावर हत्यार बसवून सिलिंडर कोरला, तेव्हा कुठे वॉटची कल्पना चालू लागली. नाव वॉटचं झालं. ते व्हायलाच हवं होतं. पण कोरणाऱ्या हाताशिवाय ती कल्पना कागदावरच राहिली असती.

माझं इंजिन आधी सायकलच्या पंपाच्या हवेवर फिरलं. मग तांब्याचा बॉयलर. त्यात आग घालण्याआधी थंड पाणी ठासून भरून, नेहमीच्या दुप्पट दाब देऊन तपासणी केली. पाणी फारसं दाबलं जात नाही, त्यामुळे सांधा सुटला तरी स्फोट होत नाही, नुसती गळती दिसते. वाफेचं तसं नाही. पाण्याची वाफ झाली की ती मोकळ्या हवेत सोळाशेपट जागा मागते. ही ताकद हातात घ्यायची तर तिचा मान ठेवूनच. वाफ चढली, चाकाला बोटाने एक झटका दिला आणि ते फिरत राहिलं. दादांनी तळहात चाकाजवळ नेऊन वारा घेतला आणि म्हणाले, "बॅलन्स बरा आहे."

त्या क्षणी मला सर्वांत जास्त वाईट वाटलं ते एका गोष्टीचं. दादांच्या नातवाने आजोबांना लेथवर काम करताना कधी पाहिलंच नव्हतं. शहापूर-मुरबाड पट्ट्यात असे कितीतरी टर्नर, फिटर, मिलिंगवाले आज घरी बसून आहेत. त्यांच्या बोटांत जे आहे ते आयटीआयच्या पुस्तकात पूर्ण उतरत नाही, मोबाइलवर तर नाहीच. ते एकाच्या शेजारी दुसरा बसला तरच पुढे जातं.

म्हणून सांगतो, तुमच्या घरात किंवा गल्लीत असा कारागीर असेल तर त्याच्याशेजारी एखाद्या मुलाला नेऊन बसवा. शाळांनी रविवारी आपली एक खोली उघडी ठेवावी, पंचायतीने एक जुनं लेथ घेऊन द्यावं. एका मुलाने एक सिलिंडर नीट गोल कोरला, तरी तो खर्च वसूल झाला असं मी म्हणेन.