भिंतीतलं पिंजर

यंदाच्या पावसात मुरगूडच्या आमच्या जुन्या घराची परड्याकडची भिंत बसली. ढिगारा उपसताना आंबूस ओल्या मातीचा वास आला. एक ढेकूळ फोडलं, तर आत भाताचं पिंजर. आज्जीनं घातलेलं, अजून पिवळं. दोन्ही हातांनी ओढलं तरी तुटेना.

त्या मातीत मी आज्जीबरोबर नाचलोय. पांढरी माती, तोडलेलं पिंजर, तूस, शेण आणि पाणी. हा काला काही दिवस आंबवायचा आणि मग तुडवायचा. आज्जी लुगडं खोचून पुढं, मी तिच्या मागं. पिंजर पोटऱ्यांना बोचायचं. मी थांबलो की ती म्हणायची, "तुडव बाळा. गठुळ ऱ्हायलं की भित फुटती."

नुसती माती वाळताना आकसते आणि तडकते. नुसतं पिंजर वाऱ्यानं उडून जातं. एकत्र आली की मात्र माती भार पेलते, पिंजर ताण घेतं आणि तडा पुढं सरकू देत नाही. ह्याच जोडीच्या हिशेबानं माझा भाचा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत फायबरचे भाग बनवतो. साच्यात काचतंतूंची मॅट अंथरायची, हार्डनर घातलेलं रेझिन ओतायचं, वरून रोलर दाबून हवा काढायची. मी बघत उभा होतो, तेव्हा तो रोलर न थांबवता म्हणाला, "मामा, बुडबुडा राहिला की पदर सुटतात." तेजस विमानाच्या सांगाड्यात वजनानं सुमारे ४५ टक्के भाग अशाच जातीचा आहे, फक्त तिथं तंतू कार्बनचे. मला मात्र त्याच्या रोलरखाली आज्जीचे पाय दिसत होते.

वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यातही असेच तंतू, भांगेचे, सापडले, हे पुरातत्त्व सर्वेक्षणातले राजदेव सिंग आणि औरंगाबादच्या विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी २०१६ मध्ये मांडलं. अजिंठ्याच्या गिलाव्यातला काडीकचरा किड्यांनी खाल्ला, वेरूळचा त्या मानानं टिकला, आणि त्याचं श्रेय त्यांनी भांगेला दिलं. त्या गिलाव्याची माती कुणी तुडवली असेल, हे मात्र कुठल्याच शिलालेखात नाही.

आमची भिंत पावसानं पाडली असं सगळे म्हणतात. मला ते पटत नाही. तिच्यावर मध्यंतरी एका गवंड्यानं सिमेंटचा गिलावा चढवला होता. मातीची भिंत ओल घेते आणि उन्हात सोडते. सिमेंटनं तिचं सोडणं बंद केलं. खालून वेदगंगेकाठची ओल चढत राहिली, आतली माती पिठासारखी झाली, पिंजराला धरायला काही उरलं नाही. वरचा गिलावा शेवटपर्यंत गुळगुळीत होता. ह्याचा राग माझ्या मनातून जात नाही.

पडलेली माती आम्ही शेतात पसरली. जुन्या घराची पांढरी माती पिकाला मानवते, हे आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. भाच्याकडच्या फायबरच्या कातरणीचं तसं नाही. हे रेझिन एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही, आणि काच कुजत नाही. साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावरच्या पवनचक्क्यांची पाती ह्याच कुळातली. अशी पाती वीस-पंचवीस वर्षांच्या हिशेबानं बनतात. नंतर ती पुरायची कुठं?

जर्मनीत जुन्या पात्यांचा चुरा सिमेंटच्या भट्टीत घालतात. रेझिन कोळशाऐवजी जळतं आणि काच वाळूच्या जागी सिमेंटमध्येच जिरते. ज्या सिमेंटवर माझा एवढा राग, त्याच्याच भट्टीत ह्या न कुजणाऱ्या वस्तूला जागा मिळते, हे मला मान्य करावं लागतं. ती सोय आपल्याकडंही गावोगावच्या कारखान्यांपर्यंत पोचायला हवी. भाच्याच्या शेडमागं कातरणीची पोती वाढत चालली आहेत, आणि ती कुठल्याही शेतात पसरता येणार नाहीत.