जोड तिथे तडा

डिचोलीच्या आठवणी म्हटलं की खाणी आणि नवा सोमवार यांवर पुष्कळ लिहिलं जातं. आज थोडं तिथल्या कुंभारकामाबद्दल.

बँकेत असताना कर्जाच्या पाहणीसाठी तिथल्या एका कुंभाराकडे जाणं व्हायचं. मी कॉमर्सचा माणूस. विचारलं, "भट्टीत फुटतं किती?" तो म्हणाला, "साहेब, माठाचं सोडा, धुपाटण्याचं विचारा." धुपाटण्याला मूठ वेगळी करून जोडावी लागते आणि तडा जातो तो बहुधा त्या जोडालाच. माती वाळताना आकसते. भांडं अर्धं सुकलेलं आणि मूठ ओली असेल तर मूठ जास्त आकसते, ओढ जोडावर येते. म्हणून दोन्हींची ओल सारखी हवी. दोन्हीकडे ओरखडे काढून त्याच मातीचा पातळ चिखल लावायचा आणि सावलीत सावकाश सुकवायचं. घाई केली की माल गेला, आणि त्याबरोबर हप्ताही.

आता पेडण्यात मोपाला ५ जानेवारी २०२३ पासून विमानं उतरतात. त्यातल्या काहींना 'लीप' इंजिनं असतात. इंजिनिअर नातवाने सांगितलं, की त्यात टर्बाइनच्या पात्यांभोवतीचं कडं सिरॅमिकचं असतं. सिलिकॉन कार्बाइडचे धागे त्याच पदार्थात बसवलेले. वजन धातूच्या साधारण एक-तृतीयांश, आणि सुमारे १३०० अंश सेल्सिअसची धग सोसतं. तडा गेला तरी धागे त्याला धरून ठेवतात.

पण असे दोन तुकडे जोडायचे म्हटले की धागे जोडापाशी संपतात. मधला थर तापवून चिकटवतात. थंड होताना तो वेगळ्या मापाने आकसला की ताण आतच राहतो, आणि तडा बहुतेक वेळा जोडाच्या कडेपासून सुरू होतो. म्हणून संशोधक संगणकावर जोडाचे हजारो बारीक भाग पाडतात. प्रत्येक भाग किती ताण सोसेल, फाटायला किती ऊर्जा लागेल, हे आकडे भरतात आणि तडा कुठून निघून कुठे जाईल ते आधीच बघतात.

मी त्याला धुपाटण्याची गोष्ट सांगितली. म्हणाला, "आजोबा, आमचंही पहिलं गणित हेच. दोन्ही बाजू किती आकसणार?"

त्या कुंभाराची मुलं मात्र नोकरीला लागली, भट्टी बंद आहे. मूठ कधी लावायची हे तो बोट दाबून ओळखायचा. ते शिकून घ्यायला घरात कोणी उरलं नाही.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मातीचं धुपाटणं दिसलं तर मुठीपाशी नीट बघा. जोड अखंड असेल तर घासाघीस करू नका.